किंमतीचा रकाना

देगलूरचं वाचनालय, 'क' वर्ग,
संध्याकाळी पाच ते आठ.
प्रयागताई मैलागिरे स्टूलवर चढून बल्ब बदलायच्या
आणि उतरता उतरता म्हणायच्या, "काय वाचूलालास रे?"
उत्तराला न थांबता माझ्या हातातलं काढून
उलटं करायच्या, शेवटचं पान:
कोणी छापलं, कुठं छापलं, पैसा कोणाचा.
आधी हे बघावं लेकरा,
मग आत काय लिहिलंय ते.

तीन कपाटं समितीची.
चौथं त्यांचं, त्यात पुस्तक एकही नाही.
विडी वळणाऱ्या बायकांचं हातानं लिहिलेलं पाक्षिक,
उदगीरच्या दोघांनी कर्ज काढून काढलेले चार अंक
(पाचवा निघालाच नाही),
मांजरेच्या वाळूवर बोलणारी गुलाबी पत्रकं,
उर्दूतली, तेलुगूतली, कानडीतली,
एसटीच्या ड्रायव्हरजवळ कोणी कोणी दिलेली,
डब्यातल्या तेलाचा डाग पडलेली.

तपासणीचे साहेब म्हणाले,
किंमतच नाही तर नोंद कशी करता बाई?
ताईंनी दाखल रजिस्टर पुढं सरकवलं.
किंमतीच्या रकान्यात निळ्या शाईनं:
एका रात्रीचं जागरण.
खाली: एक नोकरी.
त्याच्या खाली: माहीत नाही, विचारून लिहिते.

त्या वर्षी अनुदान अर्धंच आलं.

रझाकारीत काय झालं ते सांगणारे कागद
आणि पोलीस ॲक्शननंतर काय झालं ते सांगणारे,
दोन्ही गठ्ठे त्यांनी एकत्र बांधले होते.
यांची माणसं आली, त्यांचीही आली,
निराळे बांधा म्हणाली.
"दोरी एकच आहे माझ्याजवळ,"
ताई म्हणाल्या, आणि चहा सांगितला.

मंगळवारी दुपारी आवई उठली.
कोण कोणाला मारलं, कुठल्या नाक्यावर,
प्रत्येक ओट्यावर आकडा वाढत गेलेला.
शटरं पडली. ताईंनी फळा बाहेर आणला,
मधोमध रेघ मारली.
डावीकडं: ऐकलेलं. उजवीकडं: पाहिलेलं.
उजवीकडं सही लागेल.

डावी बाजू तासाभरात भरली,
चौकटीच्या लाकडावरसुद्धा लिहिलं लोकांनी.
उजवीकडं काळं पाटकोरं.
लोक त्या काळ्याकडं बघत उभे राहिले,
काहीजण उगीच घरी गेले.

मग मी खडू उचलला. चौदा वर्षांचा होतो.
मस्तान टेलरच्या दुकानाचं कुलुप
माझ्या चुलत्यानं तोडलं.
मन्मथ हणमंत येरावार.

ताई आल्या, वाचलं.
पाठीवर हात नाही, शाबास नाही.
बोटानं तेवढा 'लु' पुसला, दीर्घ केला.
"कुलूप," म्हणाल्या,
"चुकीचं लिहिलं की लोक तेवढंच धरतात."

चार महिने घरात मला कोणी वाढलं नाही.
मस्तानभाईंनी दुसरं कुलूप घेतलं,
माझ्याशी तेही फारसे बोलले नाहीत.

आता त्या स्टूलवर मी चढतो.
ताई गेल्यावर रजिस्टर उघडलं तेव्हा सापडलं,
त्या मंगळवारची तारीख:
एक वाक्य, खडूचं. भाषा मराठी.
लेखक: म. ह. येरावार.
प्रत उपलब्ध नाही.
किंमत: माहीत नाही, विचारून लिहिते.

तीस वर्षं रोज समोर बसून
त्यांनी विचारलं नाही.

काल पेन घेऊन बसलो रकान्यापुढं.
तेवढ्यात एक पोरगी आली, घाबरलेली,
मोबाईलवर आलेलं काही दाखवायला,
सर, हे खरं आहे का?
सवयीनं म्हणालो, उलटं कर, मागचं पान बघू.

तिनं मोबाईल उलटा केला.
मागं तिच्या भावाचा फोटो होता, कव्हरखाली,
आणि कुठल्याशा दर्ग्याचा दोरा.